डंगरी शिवताना वाढ पट्ट्यांत ठेवा

लहान मुलाची डंगरी कंबरेत सैल असतानाच उंचीला तोकडी पडते आणि जांघेत काचते. खांद्यावरच्या पट्ट्यांत वाढ, म्हणजे जास्तीची लांबी, ठेवली तर तीच आणखी काही महिने घालता येते.

१. सुती कापड आधी धुऊन वाळवा; नाहीतर ठेवलेली वाढ पहिल्याच धुण्यात आटते.

२. प्रत्येक पट्टी मापापेक्षा ८ सेंमी लांब कापा.

३. काज छातीच्या तुकड्यावर करा, बटण पट्टीवर लावा. उलट नकोच. बटण उसवून खाली सरकवता येतं, काज एकदा कापलं की कापलं. काजाखाली आतून बकरमचा (कापडाला बळकटी देणाऱ्या कडक अस्तराचा) ३ सेंमी चौकोन घाला, कारण मूल खाली वाकलं की सगळी ओढ त्याच कोपऱ्यावर येते.

४. पट्टी छातीच्या आतून घ्या. बटणाखाली उरलेलं टोक वर दुमडून दोन सैल टाक्यांनी पट्टीलाच अडकवा.

पाठीवर पट्ट्यांची फुली करा, म्हणजे खांद्यावरून घसरत नाहीत. पायांनाही ४ सेंमी जास्तीची दुमड हातशिलाईने घाला.

बटण दुहेरी दोऱ्याने लावा आणि दर धुण्यानंतर ओढून पाहा. सैल बटण मूल थेट तोंडात घालतं आणि ते घशात अडकू शकतं.