गुलाबाची कलमं उचलण्याआधी जोड बघा

हिरवीगार फूट बघून गाडी भरली आणि पुढे कळलं की वाढलाय तो खुंटच, म्हणजे ज्यावर कलम बांधतात ते खालचं जंगली झाड! नाशिकला नर्सरीतून गुलाब घेताना एवढं करा:

१. डोळा भरलेली जागा, म्हणजे खुंटावर चांगल्या जातीचा डोळा बसवलेला जोड, अंगठ्याने पुसा. फूट त्या जोडाच्या वरूनच निघालेली हवी. खालची फूट जंगली, मग ती कितीही जोमदार असो.

२. प्रत्येक लॉटमधली एक पिशवी फाडायला लावा. मुळ्या पांढऱ्या हव्यात. तळाशी काळपट वेटोळं दिसलं तर तो लॉट सोडा. नर्सरीवाला कुरकुरेल, पण चांगला माल असणारा नाही म्हणत नाही.

३. जात आणि खुंट पावतीवर लिहून घ्याच.

लावताना जोड मातीत गाडू नका, दोनेक इंच वर राहू द्या.