माझा, माझी, माझं आणि जर्मनमधलं माइन: नव्याने आलेल्यांसाठी

जर्मनीत घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पत्ता नोंदवावा लागतो. त्यासाठी ब्युर्गरआम्टमध्ये, म्हणजे नागरिकांच्या कामांच्या सरकारी कार्यालयात, जे पहिलं वाक्य म्हणायचं, त्यातच ‘माझा’ येतो: इश म्योश्टं माइनन वोनझिट्स आनमेल्डन, म्हणजे ‘मला माझा पत्ता नोंदवायचा आहे’. इथे नुसतं माइन का नाही, माइनं का नाही, माइननच का, हे एकदा कळलं की पुढची निम्मी कागदपत्रं सोपी होतात.

उच्चाराबद्दल आधी एक सूचना. शब्दाच्या शेवटी जर्मन ए हे अक्षर आलं की ते ‘माझं’, ‘घरातलं’ यातल्या शेवटच्या स्वरासारखं तोकडं ऐकू येतं, म्हणून इथे ते ‘माइनं’ असं लिहिलं आहे. टिंब पाहून न म्हणू नका. ‘माइनर’मधला शेवटचा र बोलताना जवळजवळ नाहीसा होतो आणि ‘माइना’सारखं कानावर पडतं.

हा धडा इंग्रजीतून शिकू नका. इंग्रजीत बहीण असो वा भाऊ, ‘हिज’ तसाच राहतो. जर्मन तसं करत नाही, मराठीही करत नाही. आपण तिचा भाऊ, तिची बहीण म्हणतो; जर्मन म्हणतो ईअर ब्रुडर, ईरं श्वेस्टर. आपण त्याचा भाऊ, त्याची बहीण म्हणतो. जर्मन म्हणतो झाइन ब्रुडर, झाइनं श्वेस्टर. मालक कोण यावर शब्दाचं मूळ ठरतं आणि वस्तू कोणत्या लिंगाची यावर शेवट ठरतो. मराठी माणूस हा हिशोब लहानपणापासून करतो. इंग्रजीवरून आलेले मात्र ‘त्याची बहीण’ला झाइन श्वेस्टर म्हणतात, किंवा बहीण स्त्री आहे म्हणून ईरं श्वेस्टर म्हणून मोकळे होतात. मग ती भलत्याच बाईची बहीण ठरते.

मुळं अशी: माझं माइन, तुझं डाइन, त्याचं झाइन, तिचं ईअर, आमचं आणि आपलं दोन्ही उन्झर, तुम्हा मित्रमंडळींचं ऑयर, त्यांचं ईअर, आणि आदरार्थी तुमचं तेही ईअर. नपुंसकलिंगी मालक असला तर झाइन. म्हणून डास किंट, म्हणजे मूल, मुलगी असली तरी पाळणाघराच्या पत्रात त्या मुलाचं सगळं झाइन असतं.

शेवट विभक्तीप्रमाणे बदलतात. माइन घेऊन ते असे, क्रम पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग, अनेकवचन:

कर्ता: माइन, माइनं, माइन, माइनं
कर्म (अकुझाटीफ): माइनन, माइनं, माइन, माइनं
डाटीफ (साधारण आपली चतुर्थी): माइनम, माइनर, माइनम, माइनन
गेनिटीफ (आपली षष्ठी): माइनस, माइनर, माइनस, माइनर

पहिल्या दोन ओळी नीट पाहा. कर्त्याचं कर्म झालं की बदल फक्त पुल्लिंगात होतो. आणि दुर्दैवाने सरकारी कागद बरेचसे पुल्लिंगी आहेत (नामाआधी डेर म्हणजे पुल्लिंग, डी म्हणजे स्त्रीलिंग, डास म्हणजे नपुंसकलिंग): डेर पास म्हणजे आपला पासपोर्ट, डेर मीटफेरट्राग म्हणजे भाडेकरार, डेर आउफएन्टहाल्ट्सटीटल म्हणजे राहण्याचा परवाना, डेर फ्युररशाइन म्हणजे वाहन परवाना, डेर टेर्मीन म्हणजे भेटीची ठरलेली वेळ. हे सगळे हाबन (असणं), ब्राउखन (लागणं), फेर्लीरन (हरवणं) या क्रियापदांपुढे माइनन होतात. डास कोंटो म्हणजे बँकेचं खातं, डास फीझुम म्हणजे व्हिसा, यांना माइनच राहतं. डी मेल्डंबेशाइनिगुंग म्हणजे पत्ता नोंदल्याचा दाखला, डी गेझुंटहाइट्सकार्टं म्हणजे आरोग्य विम्याचं कार्ड, यांना माइनं. या नऊ शब्दांचं लिंग पाठ केलंत तर पहिले तीन महिने निभावतील. मराठी लिंगावर मात्र विसंबू नका. घर आणि डास हाउस दोन्ही नपुंसक, हे छान जुळतं. पण किल्ली स्त्रीलिंगी आणि डेर श्ल्युसल पुल्लिंगी, खुर्ची स्त्रीलिंगी आणि डेर श्टूल पुल्लिंगी.

खरी अडचण इथून सुरू होते. मराठीत निर्जीव कर्माला प्रत्यय लागत नाही. ‘माझा पासपोर्ट हरवला’ यात पासपोर्ट कर्ता आहे, ‘मी माझा पासपोर्ट दिला’ यात कर्म आहे, पण ‘माझा’ दोन्हीकडे माझाच. जर्मनमध्ये हरवण्याचा दोष माणसावर येतो: इश हाबं माइनन पास फेर्लोरन, ‘मी माझा पास हरवला’ अशी वाक्यरचना. डोक्यात मराठी वाक्य असलं की तोंडून माइन पास निघतं. उपाय एकच: जर्मन वाक्यात इश आधी आलं आणि पुढे वस्तू आली की ती वस्तू पुल्लिंगी आहे का, एवढंच विचारा. असेल तर न लावा.

‘ला’ हा दुसरा चकवा. ‘भावाला फोन करतो’ आणि ‘भावाला मदत करतो’ यांत मराठीला फरक नाही. जर्मनला आहे: इश रूफं माइनन ब्रुडर आन, पण इश हेल्फं माइनम ब्रुडर. कोणतं क्रियापद डाटीफ मागतं ते पाठच करायचं. सुरुवातीला हेल्फन (मदत करणं), डांकन (आभार मानणं), गेह्योरन (मालकीचं असणं), गेफालन (आवडणं) आणि आंटवोर्टन (उत्तर देणं) ही पाच पुरेत.

‘माझ्या’ हा त्याहून मोठा. माझ्या भावाबरोबर, माझ्या बायकोबरोबर, माझ्या मुलांबरोबर: आपला एकच ‘माझ्या’ सगळीकडे चालतो. जर्मनमध्ये तिथे तीन वेगळे: मिट माइनम ब्रुडर, मिट माइनर फ्राउ, मिट माइनन किंडर्न. मिट (बरोबर), बाय (जवळ), फोन (कडून, चा), त्सू (कडे), आउस (मधून), झाइट (पासून), नाख (नंतर) यांच्यापुढे नेहमी डाटीफ. फ्युर (साठी), ओनं (शिवाय), दुर्श (मधून आरपार), गेगन (विरुद्ध), उम (भोवती) यांच्यापुढे नेहमी कर्म. माइनर फ्राउ ऐकून ‘र आला म्हणजे पुल्लिंग’ असं समजू नका. डाटीफमध्ये स्त्रीलिंगाचाच शेवट र असतो. डाटीफच्या अनेकवचनात बहुतेक नामांनाही न लागतो, किंडर्नमधला न तोच. आणि इन (मध्ये), आउफ (वर) यांच्यापुढे हालचाल असेल तर कर्म, स्थिर असेल तर डाटीफ: इन माइनं वोनुंग म्हणजे घरात जाणं, इन माइनर वोनुंग म्हणजे घरात असणं. मराठीत दोन्ही ‘माझ्या घरात’.

आता आदर. मराठी माणसाच्या चुका सगळ्यात जास्त इथे होतात आणि जर्मन शिक्षकाला त्या का होतात ते कळत नाही. आपण ‘माझे वडील’ म्हणतो, अनेकवचनात. जर्मनमध्ये वडील एकच आहेत: माइन फाटर, माइनं फाटर नव्हे. ‘त्यांचा व्हिसा आला’ असं आदराने सांगायचं असलं तरी झाइन फीझुम म्हणा. ईअर फीझुम म्हटलंत तर समोरचा कर्मचारी तुमच्या वडिलांना सोडून कुणा बाईचा किंवा आणखी माणसांचा व्हिसा शोधायला लागेल. गैरहजर माणसाला आदरार्थी सर्वनाम ही सोय जर्मनमध्ये नाही; सासूबाई असोत नाहीतर साहेब, मागे बोलताना साधं झाइन किंवा ईअरच.

समोरच्याला ‘तुमचा’ म्हणताना मात्र आपला एक शब्द दोन ठिकाणी फुटतो. दोन मित्रांना विचारताना ऑयर: वो इस्ट ऑयर आउटो? अधिकाऱ्याला, डॉक्टरला, शेजारच्या आजोबांना ईअर, मग ते एक असोत की चार. कंपनीत अनेक ठिकाणी सगळे एकमेकांना डू, म्हणजे ‘तू’, म्हणतात, तिथे साहेबालाही डाइन चालतं. पण सुरुवात त्यांनी करू द्या. लिहिताना हे आदरार्थी ईअर मोठ्या अक्षराने सुरू होतं, तिचं आणि त्यांचं ईअर लहान अक्षराने. कार्यालयाच्या पत्रात वाक्याच्या मध्ये मोठ्या अक्षराचं ईरं उंटरलागन दिसलं तर कागद तुमचेच मागितले आहेत. लहान अक्षर असेल तर दुसऱ्या कुणाचे. स्वतः लिहितानाही हे अक्षर चुकवू नका.

ऑयर आणि उन्झर यांच्या शेवटचा र मुळातला आहे, प्रत्यय नाही. म्हणून ‘आमची मुलगी’ म्हणजे उन्झरं टोश्टर. उन्झर टोश्टर चूक. ऑयरला प्रत्यय लावताना लिहिण्यात मधला दुसरा ए गळतो, हे शुद्धलेखनात हमखास गुण घालवतं.

मराठीतला ‘आपला’ जर्मनला येत नाही. ‘तो आपला पास विसरला’ आणि ‘तो त्याचा, म्हणजे मित्राचा, पास विसरला’ दोन्हीकडे झाइनन पास. गोंधळ होणार असेल तर झाइनन आयगनन पास म्हणा, म्हणजे ‘स्वतःचा’ असं स्पष्ट होतं.

वस्तूचं नाव न घेता ‘माझी’, ‘माझं’ एवढंच म्हणायचं असेल तेव्हा शेवट थोडे बदलतात. विमानतळावरची बॅग डेर कोफर, म्हणून डास इस्ट माइनर. सायकल डास फारराट, म्हणून डास इस्ट माइन्स. पर्स डी टाशं, म्हणून डास इस्ट माइनं. लिंग आठवत नसेल तर डास गेह्योर्ट मिअर म्हणा, ‘हे माझं आहे’. त्यात लिंगाची भानगडच नाही. आळशी उपाय आहे, पण चोख आहे.

मित्राची ओळख करून देताना माइन फ्रॉइन्ट किंवा माइनं फ्रॉइन्डिन म्हटलं की बहुतेक वेळा प्रेमसंबंध असा अर्थ लागतो. नुसता मित्र असेल तर आइन फ्रॉइन्ट फोन मिअर म्हणा.

शरीराच्या अवयवांना माझा-माझी फारसं लावत नाहीत. आपण ‘मी हात धुतो’ म्हणतो, ‘माझे हात’ नाही. तेच इथे: इश वाशं मिअर डी हेंडं. डॉक्टरकडे ‘माझं डोकं दुखतंय’साठी इश हाबं कोप्फश्मेर्त्सन हे सरळ.

पत्राच्या शेवटी आपण ‘आपला विश्वासू’, ‘आपली विश्वासू’ लिहितो, तसंच जर्मनमध्ये सहीच्या आधी पुरुष ईअर आणि स्त्री ईरं लिहिते, जवळच्यांना डाइन किंवा डाइनं. हे ओळखीच्या माणसालाच. कार्यालयीन पत्राला मिट फ्रॉइंडलिशन ग्रुसन आणि खाली नाव एवढंच पुरतं.

गेनिटीफ बोलण्यात कमी ऐकू येतो, फॉर्मवर जास्त दिसतो: डेर पास माइनर फ्राउ, डेर पास माइनस मानस. बहुतेक पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी नामांनाही स लागतो हे विसरू नका. बोलताना फोन माइनर फ्राउ, फोन माइनम मान चालतं. नावाला मात्र नुसता स जोडायचा, मध्ये चिन्ह न टाकता: अनिताचा पास म्हणजे अनितास पास. सुहास, विलास, श्रीनिवास यांच्या नावाच्या शेवटी स आधीच आहे, तिथे दुसरा स न लावता नावानंतर वरचा स्वल्पविराम द्यायचा.