झुडपी बेडूक कानाने कसा शोधावा

झुडपी बेडूक मराठवाड्यात शोधू नये. तो सह्याद्रीच्या ओल्या रानांचा रहिवासी आहे. मात्र त्याला कानाने शोधण्याचा सराव आपल्या शिवारातच करता येतो, आणि तो केल्याशिवाय आंबोलीची वाट धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की रात्री बांधालगतच्या डबक्याजवळ उभे राहावे. तेथे मायक्रोहायला ऑर्नाटा हा जेमतेम अडीच सेंटिमीटरचा बेडूक आपल्या देहाला न शोभणाऱ्या मोठ्या आवाजात ओरडतो. टॉर्च बंद ठेवून आवाजाची दिशा हाताने दाखवावी, दहा पावले बाजूला सरकून पुन्हा दाखवावी, आणि दोन्ही रेषा जेथे मिळतील तेथेच मंद प्रकाश टाकावा. पहिल्या दोन-तीन रात्री हाती काहीही लागत नाही.

घाटात हीच युक्ती डबक्यावर नव्हे, झुडपांच्या पानांवर चालवायची असते. येथील अनेक झुडपी बेडूक राओर्चेस्टेस या प्रजातीत मोडतात, सी. आर. नारायण राव या भारतीय अभ्यासकाच्या स्मरणार्थ २०१० साली तिला हे नाव मिळाले. या बेडकांच्या अंड्यांतून बेडूकमासे (टॅडपोल) बाहेर पडत नाहीत, थेट चिमुकले बेडूक निघतात. म्हणून त्यांना डबके लागत नाही, पण अंडी सुकू न देणारी सततची दमट हवा लागते. आपल्याकडे दोन पावसांमध्ये पडणारी कोरडी उघडीप त्यांना मानवणार नाही.

टिक-टिक असा आवाज जवळ गेल्यावर थांबला, तर पुढे न सरकता पाच-दहा मिनिटे स्तब्ध उभे राहावे. बेडूक हातात घेऊ नये, कारण त्याची त्वचा पातळ असते आणि आपल्या हातावरील डासांचे मलम तिच्यातून आत शिरते. जळवांसाठी तंबाखूचे पाणी लावणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे; त्यापेक्षा लांब मोजे बरे. बेडकांना मारणारी कायट्रिड बुरशी चिखलातून पसरू शकते, म्हणून बुटांना लागलेला शिवारातला चिखल निघण्याआधी घासून धुवावा आणि बूट पूर्ण वाळवावेत. रात्री राखीव वनात जायचे असल्यास वनविभागाची परवानगी आधी घ्यावी.

आवाज मोबाइलवर किमान एक मिनिट टिपावा आणि शेवटी स्वतःच्या आवाजात तारीख, वेळ, ठिकाण व पानाची जमिनीपासूनची उंची बोलून ठेवावी.