पांढऱ्या पेशींचा रिपोर्ट आणि अवधाणाची गाठ: या चुका टाळा

सीबीसीचा, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजणाऱ्या चाचणीचा, रिपोर्ट आला की नजर आधी एकूण पांढऱ्या पेशींच्या आकड्यावर जाते. प्रौढांमध्ये तो साधारण ४,००० ते ११,००० प्रति मायक्रोलिटर असतो. त्यात बसला की सुटकेचा निःश्वास, नाही बसला की घाबरगुंडी. दोन्ही घाईचंच. शरीरातल्या लिम्फोसाइटपैकी (ठरावीक जंतू ओळखणाऱ्या पांढऱ्या पेशी) जेमतेम २ टक्के एका वेळी रक्तात असतात. बाकीच्या लसिका ग्रंथी, प्लीहा, अस्थिमज्जा आणि आतड्याच्या भिंतीत असतात. सुईने काढलेल्या रक्तात सापडतात त्या फक्त वाटेवरच्या पेशी.

सगळ्यात जास्त गोंधळ टक्केवारीमुळे होतो. समजा एकूण पेशी ३,२००, लिम्फोसाइट ५५ टक्के आणि न्यूट्रोफिल (जंतूंवर आधी तुटून पडणाऱ्या पांढऱ्या पेशी) ३५ टक्के. लिम्फोसाइटपुढे 'जास्त'ची खूण दिसते आणि काळजी तिथेच अडकते. आता गुणाकार करा. ३,२०० चे ५५ टक्के म्हणजे १,७६०, प्रौढासाठी अगदी ठीक. ३५ टक्के म्हणजे १,१२०, आणि न्यूट्रोफिल १,५०० च्या खाली म्हणजे कमीच. लिम्फोसाइट वाढलेल्याच नाहीत, न्यूट्रोफिल घटले आहेत. विषाणूजन्य तापात असं चित्र बऱ्याचदा दिसतं आणि पुढे आपोआप सुधारतं. मात्र न्यूट्रोफिल ५०० च्या खाली आणि सोबत ताप असेल, विशेषतः केमोथेरपी चालू असताना, तर सकाळची वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठा. लहान मुलांचा रिपोर्ट मोठ्यांच्या मापाने वाचू नका. साधारण चार-पाच वर्षांपर्यंत त्यांच्यात लिम्फोसाइटच जास्त असतात.

आकडा फसवा असण्याची इतरही कारणं आहेत. न्यूट्रोफिलचा मोठा हिस्सा रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून असतो. जोराचा व्यायाम, भीती किंवा स्टेरॉइडची गोळी यांनी तो सुटून प्रवाहात येतो आणि जंतुसंसर्ग नसतानाही आकडा चढतो. नमुन्यात प्लेटलेटचे पुंजके झाले, तर मशीन त्यांनाच पांढऱ्या पेशी समजून मोजू शकतं. म्हणून लक्षणांशी न जुळणारा आकडा आला तर औषध सुरू करण्याआधी ताजा नमुना द्या आणि काचपट्टीवर पेशी प्रत्यक्ष पाहायला सांगा.

आता गाठ. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण, म्हणजे सुजलेल्या लसिका ग्रंथीची गाठ, येतं, कारण त्या भागाची लसिका (पेशींच्या मधून परत वाहणारा द्रव) तिथल्याच ग्रंथींतून गाळली जाते. डेंड्रायटिक पेशी, म्हणजे पहारा देणाऱ्या पेशी, जंतूंचे तुकडे तिथवर आणतात. ग्रंथीतून एरवी ये-जा करणाऱ्या लिम्फोसाइटना काही काळ बाहेर पडू दिलं जात नाही. जिला तो तुकडा ओळखता येतो ती पेशी झपाट्याने विभागू लागते. ग्रंथी फुगते, वेष्टन ताणलं जातं आणि दुखतं.

त्यामुळे गाठीवरच सगळं लक्ष देणं ही चूक आहे. जांघेत गाठ असेल तर पायाच्या बोटांच्या बेचक्या बघा, तिथे बऱ्याचदा चिखल्या किंवा चीर असते. मानेत असेल तर दात, घसा, टाळू. काखेत असेल तर हात आणि स्तन. गाठ चोळणं, जोराने शेकणं, दिवसातून दहादा दाबून पाहणं बंद करा. सततच्या दाबण्याने ती हुळहुळी होते आणि कमी होतेय की नाही तेच कळेनासं होतं. आठवड्यातून एकदा मापाच्या पट्टीने मोजा आणि तारखेसह लिहून ठेवा.

दुखत नाही म्हणजे साधी, हा समज तर धोक्याचा. दुखरी, मऊ, हलणारी गाठ बहुधा संसर्गाची असते. न दुखणारी, कडक, एका जागी रुतलेली गाठ दाखवायलाच हवी. चार आठवड्यांत न जिरलेली, वाढत जाणारी, किंवा रात्रीचा घाम, ताप आणि वजन घटणं यांच्यासोबतची गाठही तपासून घ्या. गळपट्टीच्या हाडावरच्या खळग्यात हाताला लागणारी गाठ कितीही लहान असली तरी थांबू नका. छाती आणि पोटातल्या आजारांची खूण तिथे उमटू शकते.

निदानाआधी स्टेरॉइड घेणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. लिम्फोमाची (लिम्फोसाइटच्या कर्करोगाची) गाठ त्याने तात्पुरती आक्रसते आणि बायोप्सीत, म्हणजे गाठीतल्या पेशी काढून केलेल्या तपासणीत, काहीच स्पष्ट दिसत नाही असं होऊ शकतं. बायोप्सीतही लिम्फोमाचा संशय असेल तर सुईने काढलेल्या थोड्या पेशी बऱ्याचदा पुरत नाहीत. पेशींची ग्रंथीतली मांडणी बघावी लागते आणि त्यासाठी शक्य असेल तेव्हा पूर्ण ग्रंथी काढून तपासतात.