मासुन्तेला पोचायचं कसं: बस, वडाप आणि शेवटचे सहा किलोमीटर

मेक्सिकोच्या दक्षिणेला, वाहाका राज्याच्या किनाऱ्यावर मासुन्ते नावाचं छोटं गाव आहे. गावाला विमानतळ नाही आणि लांब पल्ल्याच्या बस गावात शिरत नाहीत. किनाऱ्याला समांतर धावणारा महामार्ग क्र. 200 गावापासून पाच-सहा किलोमीटर आतून जातो. तिथून समुद्रापर्यंत छोट्या गाड्यांवरच भिस्त, आणि त्या अंधार पडला की विरळ होतात. म्हणून प्रवास शेवटाकडून आखा. महामार्गावरच्या फाट्यावर दुपारी चारच्या आत उतरायचं हे आधी पक्कं करा, मग त्याला जुळणारी बस आणि विमान शोधा.

आधी व्हिसा. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा शेंगेनच्या चालू व्हिसालाही हीच सवलत आहे. अमेरिकेत नोकरी करणाऱ्यांनी एक गोष्ट बघावी: पासपोर्टवरचा शिक्का संपलेला असेल, तर मुदतवाढीच्या कागदावर ही सवलत मिळत नाही. ग्रीन कार्ड मात्र चालतं. विमानतळावरचा अधिकारी किती दिवस देतो ते त्याच्या मर्जीवर असतं. 180 ही कमाल मर्यादा आहे. परतीचं तिकीट आणि राहण्याचं बुकिंग छापून हातात ठेवा, आणि दिलेले दिवस खिडकीवरच वाचून घ्या.

वातुल्को विमानतळाकडून

सगळ्यात सोपा रस्ता हा. मेक्सिको सिटीहून वातुल्कोला थेट विमानं आहेत. तिथून मासुन्ते साधारण 45 किलोमीटर, टॅक्सीने तासाभराचा रस्ता. विमानतळाच्या आतल्या टॅक्सीचे दर ठरलेले आणि चढे असतात. सामान कमी असेल तर फाटकातून चालत महामार्गावर या आणि काचेवर ‘पोचुत्ला’ अशी पाटी लावलेल्या बसला किंवा कोलेक्तिवोला हात करा. कोलेक्तिवो म्हणजे आपली वडाप: माणसं भरली की निघते, सीटप्रमाणे पैसे. पोचुत्ला साधारण 30 किलोमीटरवर आहे. एटीएमचं काम तिथेच उरका, पुढे मासुन्तेत मशीनच्या भरवशावर राहू नका. दहाची नाणी आणि वीस-पन्नासच्या नोटा मागून घ्या. पाचशेची नोट पुढच्या गाडीत कोणी मोडून देत नाही.

पोचुत्लाहून पुढे कामियोनेता मिळते. ही मागे दोन बाकडी आणि वर ताडपत्री टाकलेली पिकअप असते. पुएर्तो आंखेल, सिपोलिते, सान आगुस्तिनिल्यो आणि मग मासुन्ते, असा तिचा क्रम. अंतर वीस-बावीस किलोमीटर, पण थांबे खूप, त्यामुळे पाऊण तास धरा. बॅग पायांमध्ये घ्या, टपावर टाकलीत तर पावसात भिजते. उतरायचं ठिकाण आलं की टपावर थाप मारा किंवा ‘बाखान’ म्हणून ओरडा. पैसे उतरल्यावर चालकाच्या खिडकीशी जाऊन द्यायचे. सिपोलिते आणि सान आगुस्तिनिल्यो इथेही समुद्र, झोपाळे आणि छपरं सारखीच दिसतात, त्यामुळे नवखी माणसं एक गाव आधीच उतरतात. मोबाईलवर नकाशा आधी उतरवून ठेवा. वळणांवर रेंज जाते.

पुएर्तो एस्कोंदिदोकडून

इथून पूर्वेकडे, पोचुत्लाच्या दिशेने जाणारी बस धरा. पोचुत्लापर्यंत जायची गरज नाही. त्याआधी सान आंतोनियोचा फाटा लागतो. चढतानाच चालकाला सांगा: ‘एल क्रुसेरो दे सान आंतोनियो, पोर फावोर’. नाही सांगितलं तर बस सरळ पुढे जाते, कारण फाटा म्हणजे दोन-चार दुकानं आणि उभ्या टॅक्सी, एवढंच. तिथून टॅक्सी किंवा कामियोनेता दहा-पंधरा मिनिटांत गावात सोडते. टॅक्सीत बसण्याआधी दर ठरवा, आणि तो माणशी की गाडीचा, हेही विचारा. बहुतेक वाद इथेच होतात.

वाटेत ला एस्कोबिया हा किनारा लागतो. आपल्या वेळासला येणारी ऑलिव्ह रिडले कासवं इथे पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत हजारोंनी अंडी घालायला येतात. मासुन्ते हे गाव एकेकाळी याच कासवांच्या कत्तलीवर जगत होतं. 1990 साली मेक्सिकोने बंदी घातली आणि आज गावात कासवांचं केंद्र आहे. वेळासला जाऊन आलेल्या माणसाने ते चुकवू नये.

वाहाका शहराकडून

मेक्सिको सिटीच्या तापो स्थानकावरून वाहाका शहर बसने साडेसहा-सात तास. एसी कडाक्याचा असतो, स्वेटर वर काढून ठेवा.

वाहाकाहून किनाऱ्यावर उतरायला दोन रस्ते आहेत आणि फरक मोठा आहे. जुना क्र. 175 सान होसे देल पासिफिकोच्या धुक्यातून पोचुत्लाला उतरतो: सहा तासांच्या आसपास, आणि वळणांना अंत नाही. नवा बार्रांका लार्गा ते व्हेंतानिया हा 104 किलोमीटरचा रस्ता फेब्रुवारी 2024 मध्ये खुला झाला आणि वाहाका-पुएर्तो एस्कोंदिदो प्रवास साधारण तीन तासांवर आला. तिकीट घेताना विचारा: ‘बा पोर ला आउतोपिस्ता नुएवा?’, म्हणजे नव्या रस्त्याने जाते का? पोचुत्लाच्या व्हॅन बहुधा जुन्याच रस्त्याने जातात. घाटात पोट ढवळत असेल तर पुएर्तो एस्कोंदिदोची व्हॅन घ्या आणि तिथून वर सांगितल्याप्रमाणे फाट्यावर या. जुन्याच रस्त्याने जायचं तर अवोमिन निघण्याआधी तासभर घ्या, घाट सुरू झाल्यावर घेऊन उपयोग होत नाही. गोळीने झोप येते, म्हणून गाडी चालवणाऱ्याने घेऊ नये.

एक फसगत टाळा. नवा रस्ता जिथे महामार्गाला मिळतो ते व्हेंतानिया वेगळं, आणि मासुन्तेशेजारी मगरींच्या खाडीसाठी प्रसिद्ध असलेलं ला व्हेंतानिया वेगळं. नकाशात नाव टाकताना मासुन्तेच टाका.

स्वतः गाडी चालवणार असाल तर

भाड्याच्या गाडीला तिसऱ्या पक्षाचा विमा सक्तीचा आहे आणि क्रेडिट कार्डाचा विमा सहसा तो भरून काढत नाही. वेबसाइटवरचा दर काउंटरवर वाढतो तो यामुळे. बुकिंग करतानाच विम्यासकट आकडा मागा.

गाडी रस्त्याच्या उजवीकडून चालते हे दोन दिवसांत अंगवळणी पडतं. गतिरोधकांचं तसं नाही. तिथे त्यांना तोपे म्हणतात. गावाच्या वेशीवर असतातच, पण कधी एखाद्या दुकानापुढेही, रंग न दिलेले, झाडाच्या सावलीत दडलेले. समोरच्या ट्रकने अचानक वेग कमी केला तर तुम्हीही करा. पुढच्या ट्रकने डावा दिवा लावला तर ‘ओव्हरटेक कर’ असा अर्थ असू शकतो, किंवा तो खरंच डावीकडे वळत असतो. रस्ता स्वतः दिसल्याशिवाय बाहेर पडू नका. रात्री गुरं रस्त्यावर बसतात, म्हणून अंधारात गाडी काढू नका. पेट्रोल भरताना पंपाचा आकडा शून्यावर आहे ना ते बघा. साध्या गाडीला हिरव्या नळीचं माग्ना पुरतं. गाडी बंद पडली तर 078 वर फोन करा. महामार्गावर मदत करणारी सरकारी हिरवी गाडी येते.

वाट बंद होते तेव्हा

जून ते ऑक्टोबर पावसाचे महिने. दरडी जुन्या घाटात जास्त पडतात. 30 मे 2022 ला आगाथा चक्रीवादळ पुएर्तो आंखेलच्या पश्चिमेलाच धडकलं होतं, तेव्हा मे अखेरीपासूनच हवामानावर नजर ठेवा. दुसरं कारण माणसांचं: वाहाकात मागण्यांसाठी गावकरी किंवा शिक्षक रस्ता अडवतात. त्याला ब्लोकेओ म्हणतात, आणि तो तासाभरात सुटतो किंवा दिवसभर चालतो. वाद घालू नका, फोटो काढू नका. स्थानिक लोक काय करतात ते बघा. कधी बसमधून उतरून अडथळा पायी ओलांडायचा आणि पलीकडची गाडी धरायची असते.

परतीचं विमान असेल तर आदल्या रात्री वातुल्को किंवा पुएर्तो एस्कोंदिदोला मुक्काम करा. ते जमत नसेल आणि विमान सकाळचं असेल, तर टॅक्सी आदल्या संध्याकाळीच ठरवून ठेवा. पहाटे कामियोनेता मिळेल असं धरून चालू नका.