महिन्याची औषधं: आधी गोळीचा भाव, कूपन नंतर

आमच्या घरी किराण्याच्या खालोखाल मोठा खर्च औषधांचा. सासूबाईंना शुगर आणि बीपी, ह्यांना कोलेस्टेरॉल, मला थायरॉईड. हिशेबाची वही माझ्याकडे असते आणि त्या वहीनं मला एक गोष्ट पक्की शिकवली आहे: औषधांतले खरे पैसे डॉक्टरांच्या चिठ्ठीपाशी वाचतात. कूपन, पॉइंट, कॅशबॅक हे सगळं त्यानंतरचं. बहुतेक घरांत मात्र आधी सवलतीची पाटी बघितली जाते.

म्हणून पहिलं काम हे. घरातल्या सगळ्या पट्ट्या टेबलावर काढा आणि प्रत्येकीवरचं घटकाचं नाव वहीत उतरवा, ब्रँडचं नाही. मेटफॉर्मिन, टेल्मिसार्टन, अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन असं काहीतरी छापलेलं असतं. शेजारी मिलिग्रॅम. पुढे एसआर, ईआर, एक्सआर अशी अक्षरं असतील तर तीही लिहा. मेटफॉर्मिन ५०० आणि मेटफॉर्मिन एसआर ५०० यांत घटक एकच, पण एसआर गोळीतून औषध हळूहळू सुटतं, त्यामुळे एकीऐवजी दुसरी आपल्या मनानं घ्यायची नाही. एका गोळीत दोन घटक असतील, उदाहरणार्थ टेल्मिसार्टन ४० आणि हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५, तर दोन्ही लिहा.

आता पट्टीच्या किमतीला गोळ्यांच्या संख्येनं भागा. कुणी दहाची पट्टी काढतं, कुणी पंधराची, कुणी तीसची, म्हणून पट्टीशी पट्टी ताडून काही कळत नाही. समजा, पंधरा गोळ्यांची पट्टी १८० रुपयांना आहे. २० टक्के सूट धरून गोळी ९ रुपये ६० पैशांना पडली. तोच घटक दुसऱ्या कंपनीचा, दहा गोळ्या ६५ रुपये, सूट शून्य: गोळी साडेसहा रुपये. जन औषधी या सरकारी योजनेच्या केंद्रात दहा गोळ्या २० रुपयांना मिळाल्या तर गोळी दोन रुपये. महिन्याच्या तीस गोळ्यांचे २८८, १९५ आणि ६०. सवलतीची पाटी सगळ्यात महाग गोळीवर होती. हे आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, तुमच्या पट्ट्यांचे तुम्हीच मांडा.

बाजारभाव घरबसल्या बघायला औषधांच्या किमती ठरवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचं ‘फार्मा सही दाम’ नावाचं अ‍ॅप आहे. त्यात घटकाचं नाव टाकलं की निरनिराळ्या कंपन्यांचे भाव दिसतात. जन औषधीचं अ‍ॅप वेगळं, ‘जन औषधी सुगम’. जवळचं केंद्र कुठे आहे आणि औषधाची तिथली किंमत काय, हे दोन्ही त्यात सापडतं. ही योजना २००८ पासूनची आहे आणि तिथली औषधं ब्रँडपेक्षा ५० ते ८० टक्के स्वस्त असतात असं सरकार सांगतं. एक अडचण खरी आहे: प्रत्येक केंद्रात प्रत्येक औषध शिल्लक असतंच असं नाही. मी आधी फोन करते. शेवटच्या पट्टीत आठवडाभराच्या गोळ्या उरल्या की लगेच, म्हणजे मागवून घ्यायला वेळ राहतो.

पण केंद्रात जाण्याआधी डॉक्टरांशी बोला. हा टप्पा लोक लाजून टाळतात आणि तिथेच अडतं. ‘शेड्यूल एच’मधलं, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणारं औषध चिठ्ठीवर ब्रँडच्या नावानं लिहिलं असेल, तर घटक तोच असला तरी मेडिकलवाल्यानं दुसऱ्या कंपनीचं द्यायचं नाही असा नियम आहे. त्यामुळे त्याच्याशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही. डॉक्टरांना सरळ म्हणा, “डॉक्टर, ही गोळी कायमची आहे. जेनेरिक नावानं, म्हणजे घटकाच्या नावानं, लिहून द्याल का?” जेनेरिक नाव स्पष्ट अक्षरांत लिहावं, असं डॉक्टरांच्या आचारसंहितेतही २०१६ पासून आहे. आमच्या डॉक्टरांनी सासूबाईंच्या दोन गोळ्या लगेच बदलून दिल्या आणि पहिला महिना बीपी, शुगर तपासून वहीत लिहायला सांगितलं. तेवढं करायचंच.

माझी थायरॉईडची गोळी मात्र आहे त्याच कंपनीची ठेवली आहे. थायरॉक्सिनच्या मात्रेत थोडासा फरकही रक्ताच्या रिपोर्टात दिसतो. फिट्सची औषधं आणि रक्त पातळ करणारी वॉरफरिनसारखी औषधं यांचंही तसंच. या तिन्हींत डॉक्टरांना विचारल्याशिवाय कंपनी बदलू नका, कितीही पैसे वाचत असले तरी.

आता कूपन आणि पॉइंट. औषधाच्या साखळी दुकानांत आणि अ‍ॅपवर सूट छापील किमतीवर मोजतात. काही कंपन्यांची जेनेरिक औषधं छापील किंमत फुगवून येतात आणि मेडिकलवाला ती अर्ध्या किमतीत देतो. ‘अर्धी किंमत’ ऐकून भारावून जाऊ नका, गोळीचा भाव काढा. ‘हजाराच्या खरेदीवर दीडशे परत’ असं असेल तर ते दीडशे कधीपर्यंत वापरायचे आणि पुढच्या बिलात एका वेळी किती वळते होतात, हे आधी वाचा. हजार भरायला साडेतीनशेची प्रोटीन पावडर टोपलीत टाकली, तर दीडशे मिळवायला साडेतीनशे गेले.

मी पॉइंट वापरते ते शुगर तपासायच्या स्ट्रिपवर. त्या महाग असतात आणि लागतातच. पन्नासची डबी पंचवीसच्या दोन डब्यांपेक्षा स्वस्त पडते, पण उघडल्यावर किती दिवसांत संपवायची ते डबीवर वाचा. आठवड्यातून दोनदाच तपासत असाल तर लहान डबी बरी. बँकेच्या कार्डाच्या पॉइंटांचं किराण्याचं व्हाउचर मिळत असेल तर तेच घ्यावं. व्हाउचर आलं की त्याची मुदत वहीच्या पहिल्या पानावर लिहिते, कारण मोबाइलमधले मेसेज खाली खाली जातात.

औषध नवीन सुरू झालं असेल तर सूट मिळते म्हणून दोन महिन्यांचं एकदम घेऊ नका. दहा दिवसांचं घ्या, मानवलं की पुढचं. कापलेली पट्टी दुकानदार सहसा परत घेत नाहीत. पट्टी कापून घेताना मुदतीची तारीख असलेला तुकडा आपल्याकडे येईल असं बघा.

शुगर-बीपीच्या साध्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ‘आपला दवाखाना’मध्ये मोफत मिळतात. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचारही मोफत आहेत. रांगेत उभं राहायला घरात कुणी असेल तर जरूर जा.

पैसे रोख देऊ नका, यूपीआयनं द्या आणि बिल रुग्णाच्या नावानं मागा. आई-वडील साठीच्या पुढचे असतील, त्यांचा आरोग्य विमा नसेल आणि मुलगा जुन्या करप्रणालीत रिटर्न भरत असेल, तर त्यांच्या औषधोपचारावर वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंतची वजावट मिळते, जिला सगळे ८०-डी म्हणून ओळखतात. रोखीनं दिलेलं त्यात धरत नाहीत. सासूबाईंचा विमा नाही, म्हणून त्यांची बिलं मी वेगळ्या फाइलला लावते आणि मार्चमध्ये बेरीज करून ह्यांच्या हातात देते.