गटात शिकवायचं ठरवलंय? मग आधी एवढं तयार ठेवा

भाषेच्या तासाला मुलांना गोल करून बसवलं म्हणजे गटकार्य झालं असं नाही. गोलातही एक हुशार मुलगी लिहीत राहते, दोघं तिच्या वहीत डोकावतात आणि ज्याच्या तोंडून मराठी यायला हवी तोच गप्प बसतो. हे टाळायचं तर प्रत्येकाकडे असं काहीतरी हवं, जे बाकीच्यांकडे नाही. ती सोय तास सुरू झाल्यावर करता येत नाही, आधीच करावी लागते. इथे पाचवी ते सातवीचा वर्ग आणि जिगसॉ पद्धत धरली आहे. चौघांचा गट आणि उताऱ्याचे चार तुकडे, प्रत्येकाला एक, आणि आपला तुकडा त्यानं बाकीच्यांना समजावून सांगायचा, असा तिचा साधा हिशेब.

सुरुवात उताऱ्यापासून करा, आणि त्याला भरपूर वेळ द्या. पाठ्यपुस्तकातला कुठलाही पाठ चौथाई करून चालत नाही. कुठलाच तुकडा एकट्यानं पुरा पडणार नाही, असा उतारा हवा. मिळाला नाही तर स्वतः लिहा. लोणारचं उदाहरण घेऊ. फळ्यावर प्रश्न एकच : लोणार सरोवराचं पाणी जून २०२० मध्येच गुलाबी का झालं? पहिल्या चिठ्ठीत लिहा, की उल्का आदळून बेसॉल्ट खडकात हे विवर तयार झालं. पावसाचं आणि झऱ्यांचं पाणी त्यात उतरतं, पण बाहेर पडायला वाट नाही. दुसरीत, पाण्याची वाफ होते आणि क्षार मागे राहतात, म्हणून पाणी खारट आहे. तिसरीत, त्या उन्हाळ्यात पाणी घटलं आणि खारटपणा वाढला. चौथीत, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं पाण्याचे नमुने तपासले तेव्हा अतिखारट पाण्यात वाढणारे, गुलाबी रंगद्रव्य तयार करणारे सूक्ष्मजीव सापडले. चौथी चिठ्ठी ज्याच्या हातात असेल त्याला वाटेल, झालं, उत्तर आपल्याकडेच आहे. पण ‘मग ते दरवर्षी का दिसत नाहीत?’ असं कुणी विचारलं, की त्याला बाकी तिघांकडे वळावंच लागतं. तुमच्या उताऱ्यात असा अडवणारा प्रश्न आहे का, हे चिठ्ठ्या कापण्यापूर्वी तपासा. नसेल तर उतारा बदला.

चिठ्ठ्या पाच-सहा वाक्यांच्या, ठळक अक्षरात, जाड कागदावर असू द्या. ‘विवर’, ‘क्षार’ यांचे अर्थ खाली छापू नका, एक शब्दकोश वर्गात ठेवा. आणि एक जादा संच कपाटात राहू द्या.

गट तुम्ही पाडा, मुलांवर सोडू नका. एक सराईत वाचणारं, एक अडखळत वाचणारं, मुली-मुलगे मिसळलेले, एकाच वाडीचे चौघं एकत्र नाहीत. घरी कोरकू, पावरी किंवा गोरमाटी बोलणारं मूल असेल तर जमल्यास त्याच्या गटात दोन्ही भाषा जाणणारं आणखी एक ठेवा, आणि आपसात त्यांनी घरची भाषा वापरली तर अडवू नका. चार तुकड्यांतला सगळ्यात सोपा तुकडा कायम त्याच मुलाला देण्याचा मोह मात्र टाळा. चार दिवसांत सगळ्या वर्गाला ते कळतं.

ही पद्धत निघालीच मुळी अशा मुलांच्या प्रश्नातून. १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन इथे गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं प्रथमच एका वर्गात आली होती आणि वातावरण तापलं होतं. मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरनसन यांनी एका चरित्राचे तुकडे करून मुलांमध्ये वाटले. इंग्रजी ही ज्याची दुसरी भाषा होती असा एक मुलगा आपला भाग सांगताना अडखळू लागला, तेव्हा बाकीच्यांनी त्याची टर उडवली. पण त्याच्याकडची माहिती दुसऱ्या कुणाकडे नव्हती आणि पुढे परीक्षा होती. हळूहळू त्याच मुलांना त्याला नीट प्रश्न विचारता येऊ लागले आणि तोही मोकळेपणी बोलू लागला.

म्हणून आपल्या मुलांना विचारायला आधी शिकवा. ‘परत सांग ना’, ‘म्हणजे काय?’, ‘पाणी बाहेर जात नाही, मग कुठे जातं?’ असली वाक्यं मोठ्या अक्षरात भिंतीवर लावा आणि आदल्या दिवशी परिपाठानंतर जोडीजोडीनं म्हणवून घ्या. जिथे हा सराव होत नाही, तिथे मुलं चिठ्ठी एका सुरात वाचून दाखवतात आणि दुसऱ्याकडे सरकवतात.

गैरहजेरीचा विचार आधीच करून ठेवा. बाजाराचा दिवस, लग्नसराई किंवा ऊसतोडीला गेलेली कुटुंबं यामुळे पट कधी पुरा भरत नाही, आणि तिसऱ्या चिठ्ठीवालं मूलच आलं नाही तर गट अडतो. पाच जणांचे एक-दोन गट करून एक तुकडा दोघांना द्या. ऐन वेळी गरज पडली तर एका मुलाकडे दोन चिठ्ठ्या देण्यापेक्षा तुम्ही स्वतः त्या गटात चौथे म्हणून बसा.

एका तासिकेत हे मावत नाही, सलग दोन मागून घ्या. पहिलीत सारख्या चिठ्ठीची मुलं एकत्र बसून आपला तुकडा समजून घेतील, दुसरीत मूळ गटात परतून एकमेकांना सांगतील. या वेळी चिठ्ठ्या पालथ्या. आवाज होणारच, शेजारच्या वर्गाच्या बाईंना आधी कल्पना द्या. गप्प होण्याची खूण ठरवा, हात वर केला तरी पुरे.

तपासणी कशी करणार, तेही आधी ठरवा. गटाला मिळून एक गुण देऊ नका. कुणाचाही क्रमांक पुकारायचा आणि त्यानं पूर्ण उत्तर सांगायचं. शेवटी प्रत्येकानं स्वतःच्या वहीत, दुसऱ्याच्या चिठ्ठीतलं काय कळलं ते आठ ओळींत लिहायचं. स्वतःच्या चिठ्ठीतलं नाही, हे दोनदा सांगा.

आता आपली, म्हणजे शिक्षकांची तयारी. गटात कधी न शिकलेल्या शिक्षकाला गट चालवणं अवघड जातं. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या समूहाच्या, शिक्षण परिषदेत बहुतेक वेळा एक जण बोलतो आणि बाकीचे ऐकतात. केंद्रप्रमुखांशी बोलून त्यातला एक तास मागा आणि हाच लोणारचा उतारा शिक्षकांमध्ये वाटा. ‘मला माझा तुकडा सांगायला लाज का वाटली’ यावर मग खुली चर्चा होऊ द्या. पुढच्या परिषदेला प्रत्येकानं त्या आठ ओळींच्या तीन वह्या आणाव्यात, नावं झाकून : एक चांगली, एक मध्यम, एक अडलेली. अडलेल्या वहीपासून सुरुवात करा.

जपानमध्ये शिक्षक मिळून एक पाठ आखतात, एक जण शिकवतो, बाकीचे मागे उभे राहून पाहतात. पाहतात ते मुलांना, शिकवणाऱ्याला नाही. हे आपल्याकडेही करता येईल. चार शिक्षक, चार गट, प्रत्येकानं एकाच गटाजवळ बसायचं आणि कोण बोललं, कोण गप्प राहिलं, कुठल्या शब्दाशी अडलं एवढंच टिपायचं. मदत करायची नाही, आणि हेच सगळ्यात कठीण जातं. दोनशिक्षकी शाळा असेल तर शेजारच्या शाळेशी दिवस जुळवा आणि तुमचा वर्ग त्या दिवशी कोण सांभाळणार ते मुख्याध्यापकांशी बोलून ठेवा. पाठ कोण घेणार, ते सगळे जमलेले असतानाच ठरवा आणि तारीख लिहून घ्या. नंतर व्हॉट्सॲपवर ठरवू म्हटलं, की महिना जातो.